गोळी गिळ, मुडद्या

गिरजाबाईच्या खानावळीत भाकरीच्या आधी शिवी मिळते, आणि ती फुकट असते. हात न धुता बाकावर बसलेल्याला एक, ताटात भात टाकून उठणाऱ्याला दोन, आणि मोबाइल बघत जेवणाऱ्याला तर ती आईबापासकट उद्धरते. चाकण एमआयडीसीच्या कडेला, जिथं कंटेनरचे ट्रेलर येताजाता रस्ता उखडत असतात, तिथं तिची पत्र्याची शेड. ना बोर्ड, ना रेटकार्ड. बीड, परभणी, बुलढाण्याकडून आलेली कंत्राटी पोरं हुंगत हुंगत तिथं पोचतात, शिव्या खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. यावरून पोरं फार सोशिक आहेत असा समज कुणी करून घेऊ नये. आसपासच्या खानावळींत डाळीत बुडी मारली तरी डाळ हाताला लागत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

बाई पन्नाशीची. अंगानं काटकुळी, आवाजानं कॉम्प्रेसर. आणि तिला एचआयव्ही आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं ज्याला ज्याला हे कळतं तो काय करतो ते बघताना, आपण कुणाच्या बाजूला बसायचं हे वाचकानं ठरवलेलं असावं.

नवरा भैरू ट्रेलरवर ड्रायव्हर होता. त्याच्याकडून तिच्याकडं आजार आला. भैरूकडं तो कुठून आला हे विचारायची या मुलखात पद्धत नाही. बाईकडं कुठून आला हे मात्र न विचारताच सगळ्यांना माहीत असतं. भैरूला सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या, गालावर मांस चढलं, तसा तो म्हणाला, “मला आता काय धाड भरलीय?” शिवाय एकत्र घर. गोळ्या ठेवायच्या कुठं? कपाटात ठेवल्या तर भावजय बघणार, माळ्यावर ठेवल्या तर आई. लपवायला जागा नाही म्हणून गड्यानं औषध सोडलं, आणि वर्ष उलटायच्या आत त्याचा आजार अख्ख्या गावाला लांबून दिसायला लागला. घरच्यांनी ‘कावीळ’ म्हणून सांगितलं. गावानं ‘कावीळ’ म्हणून ऐकलं. दोन्हीकडं खोटं बोलायची हातोटी सारखीच.

भैरूच्या पाठचा मुरारी. जमीन एमआयडीसीत गेल्यावर हा कंपन्यांना माणसं पुरवायच्या धंद्यात शिरला आणि बघता बघता समाजभूषण झाला. म्हणजे फ्लेक्सवर झाला. वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, त्यात तो मोबाइल कानाला लावून उभा असतो. पलीकडून कोण बोलतंय हे आजवर कुणाला कळलेलं नाही. भाऊ गेल्यावर या समाजभूषणानं वहिनीला रस्त्याकडची शेड दिली आणि वर अट घातली.

“वहिनी, पोटापुरतं कमवा. पर ह्या आजाराचं नाव गावात निघता कामा न्हाई. उद्या माज्या पुनमला स्थळं यायची हायती.”

“मी मेली तर काय सांगशीला, भाऊजी? कावीळच का?”

मुरारीला त्यात चेष्टा दिसली नाही. “बघू तवाचं तवा,” म्हणाला.

म्हणून गिरजाबाईनं तोंड शिवलं. शिव्यांपुरतं उघडं ठेवलं. गोळ्या आणायला ती जवळ कुठं जात नसे, थेट पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात जायची, नाकापर्यंत पदर ओढून. सुरुवातीला तिचंही मन भैरूसारखंच फिरलं होतं. एका खेपेला रांगेत बसून रडत होती, म्हणत होती, आता हे शेवटचं, पुढं यायचं नाही. शेजारी कासारवाडीची तानुबाई बसली होती. नवरा कारखान्यात कामाला होता, तोही याच आजारानं गेलेला. तानुबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “मरायचंय ना बाई? मग घरी जाऊन मर. इथं रांग कशाला अडवतेस? मागं जगायला आलेली माणसं उभी आहेत.”

गिरजाबाईच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथं आटलं. एवढा अपमान तिचा सासूनंही केला नव्हता. त्या रागावर तिनं गोळ्या घेतल्या, आणि पुढं घेतच राहिली. मधे एका संस्थेनं ‘आधार मेळावा’ भरवला, तिथंही ती एकदा जाऊन आली. पाहुण्यांनी माणुसकीवर भाषण केलं, हार घालून घेतले, आणि जेवायच्या वेळेला ‘आमचा उपवास आहे’ म्हणून सगळे पाहुणे गाडीत बसून गेले. सगळ्यांचा एकाच दिवशी उपवास! गिरजाबाईनं त्यांच्या वाटणीचे गुलाबजाम पदरात बांधून आणले. आधार म्हणजे काय, हे ती तानुबाईच्या तोंडून शिकली होती. मेळाव्यात फक्त गुलाबजाम मिळाले.

तर अशाच एका खेपेला पिंपरीच्या त्या रांगेत तिला कुलदीप दिसला. दिसला म्हणजे त्याचं हेल्मेट दिसलं. दवाखान्याच्या आत, पंख्याखाली, बाकावर हेल्मेट घालून काच खाली ओढून बसलेला माणूस. अख्खी रांग त्याच्याकडंच बघत होती. तोंड लपवायचा याहून बावळट मार्ग शोधून सापडला नसता. गिरजाबाईनं खाली बघितलं. डाव्या बुटाला पिवळ्या रंगाचे शिंतोडे. हे बूट रोज तिच्या बाकाखाली पसरलेले असायचे. परभणीकडचं पोर, लग्नाच्या वयाचं, पेंट शॉपला कामाला, तिखट झालं की नाक पुसत पुसत जेवणारं.

ती जाऊन शेजारी बसली. “हेल्मेट काड, मुडद्या. हितं काय ट्रक येनार हाय का अंगावर?”

हेल्मेट हललं. आतून आवाज आला, “मावशी... तुमी? तुमी इथं कामून?”

“फिराया आले. मला पंखा लई आवडतो हितला.”

एकमेकांना एकमेकांचं कळलं होतं, आणि ते बोलून दाखवायची गरज दोघांनाही नव्हती. आत समुपदेशन करणाऱ्या ताईंनी कुलदीपला विचारलं, गोळ्या रोज घ्याव्या लागतील, जन्मभर. घरचं, जवळचं कुणी आहे का लक्ष ठेवायला? कुलदीपनं नाही म्हणून मान हलवली. खोलीत सात जण राहतात, पेटीला कुलूप नाही, एकाचा साबण सातजण वापरतात. गावाकडं सांगितलं तर आई विहीर जवळ करील.

दारात उभ्या गिरजाबाईनं आत डोकं घातलं. “मी हाय. मावशी त्याची. लिवून घ्या माजं नाव.”

“लक्ष ठेवाल ना, मावशी?”

“त्यानं न्हाई खाल्ली तर नरड्यात बोट घालून घालीन. भैरूच्या टायमाला मला अक्कल नव्हती. आता हाय.”

एवढा शब्द तिनं दिला. त्या दिवसापासून कुलदीपच्या गोळ्यांची बाटली तिच्या पिठाच्या डब्यामागं राहू लागली, तिच्या बाटलीच्या शेजारी. पोराची पहिली शिफ्ट असली की तो रात्री जेवायला यायचा, ताटाखाली पुडीत गोळी असायची. अडचण दुसऱ्या शिफ्टची. तेव्हा रात्रीचं जेवण कंपनीत, डब्यातून. ताईंनी ‘रोज एकाच वेळी’ म्हटलेलं गिरजाबाईनं दगडावरची रेघ धरलं होतं. मग तिनं डोकं चालवलं: प्लास्टिकच्या इवल्या पुडीत गोळी, आणि पुडी डब्याच्या वरच्या पुडात शेंगदाण्याच्या चटणीत.

कुलदीप म्हणाला, “मावशी, डब्यात नका घालू. तिथं आमी—”

“मला शिकवतो व्हय रं? तुज्या वयाची पोरं मी डबं भरून वाढवली. गप घिऊन जा.”

त्याचं ‘तिथं आमी’ तिनं पुरं ऐकून घेतलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण ऐकून घेणं हा गिरजाबाईचा गुण नव्हे. तिची समजूत अशी, की ज्याचा डबा तो खातो. इतकी वर्षं डबे पाठवले, पण ते उघडतात कुठं आणि कसे, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. कंपनीचं कँटीन परमनंटवाल्यांना. कंत्राटी पोरं शेडच्या मागं, पॅकिंगचा पुठ्ठा अंथरून जेवतात. आणि पुठ्ठ्यावर डबा कुणाचा नसतो. सगळ्यांची भाजी एकात, सगळ्यांची चटणी एका ढिगात, आणि जो उशिरा येईल त्याचा डबा सगळ्यांत आधी फोडायचा, असा तिथला कायदा. पोरांनी केलेला हा एवढाच चांगला कायदा, आणि नेमका तोच आडवा आला.

कुलदीप एरवी धावत जाऊन आपला डबा आधी गाठायचा. त्या रात्री लाइन अडकली, सुपरवायझरनं सोडलं नाही. तो पोचेपर्यंत चटणीच्या ढिगातून पुडी निघालेली होती. कुणाच्या डब्यातली, हे सांगता येत नव्हतं. चटणी सगळ्यांची एकच.

निरंजन नावाचा एक डिप्लोमावाला त्यांच्यात होता. कुलदीपच्याच खोलीत राहायचा. त्याला मशिनचा प्रोग्रॅम कळत नसे, पण मोबाइल फार कळायचा. त्यानं गोळीवरची अक्षरं बघितली, नेटवर टाकली, फोटो काढला, आणि जेवण संपायच्या आत रूमवाल्यांच्या, लाइनवाल्यांच्या, गाववाल्यांच्या ग्रुपवर मेसेज गेला: ‘आपल्यात एक जण आहे. सावध राहा.’ खाली हात जोडल्याचं चित्र. कुलदीप हात धुवायच्या निमित्तानं उठला तो शिफ्ट सुटेपर्यंत कुणाला दिसला नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. दुपारी सगळी फौज खानावळीत आली, पण बाकावर कुणी बसलं नाही.

“मावशी, आज ताट लावू नका. आधी निकाल लावायचाय,” निरंजन म्हणाला.

“कसला निकाल? तुजा? त्यो तर कवाच लागलाय.”

दोघं-तिघं हसले. निरंजननं मोबाइल पुढं धरला. “ही गोळी बघा. एड्सची आहे. आपल्या डब्यांत निघाली.”

“राव, माझ्या घासात आली असती,” एक जण पडेल चेहऱ्यानं बोलला. “जस्ट वाचलो.”

“आली असती तर काय पोटात झाड उगवलं असतं?” गिरजाबाई चुलीपुढून हलली नाही. पण फोटो बघताच तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली होती. कुलदीपचं ‘तिथं आमी’ काय होतं ते तिला आत्ता पुरं ऐकू आलं.

“विषय सिरियस आहे, मावशी. आम्ही ठरवलंय. उद्या सगळ्यांनी लॅबमध्ये जाऊन रक्त द्यायचं. जो येणार नाही तोच तो. त्याची रूम खाली, खानावळ बंद, आणि कॉन्ट्रॅक्टरला सांगून कामावरून पण...”

“बरोबर हाय! असंच पाहिजे!” सगळ्यांत मोठ्यांदा कोण ओरडलं असेल? कुलदीप. ओरडताना त्याच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळून त्याच्याच पॅंटवर सांडत होतं.

गिरजाबाईनं ते पाणी बघितलं. पोर रात्रीच्या गाडीनं परभणी गाठणार, हे तिला लख्ख दिसलं. गावाला गेला की गोळी इथं पिठाच्या डब्यामागं राहणार. तिथं आईला सांगता यायचं नाही, दवाखाना धुंडाळायला तोंड नाही, आणि अंगात ताकद आहे तोवर ‘मला काय धाड भरलीय’. मग एक दिवस तिथंही कुणाला तरी कावीळ होणार. दुसरीकडं तिची शेड होती, चूल होती, आणि इतकी वर्षं शिवून ठेवलेलं तोंड होतं.

तिनं भाकरी उलटली. शेकली. टोपल्यात टाकली. आणि हात पदराला पुसून उठली.

“कुनाचं रगात काडायचं न्हाई. गोळी माजी हाय.”

कुणाला काही कळेना.

“आयकू न्हाई आलं? मला हाय त्यो आजार. माज्या नवऱ्यानं दिला. तुमी शेंबूड पुसत हुता तवापासून खातीया मी ती गोळी. चटणी भरताना कनवटीची पुडी पडली आसंल. काड तुजा मोबाइल, निरंज्या. घे माजा बी फोटो.”

मग एकजण बाहेर पळाला आणि नळाखाली गुळण्या करायला लागला. दोन वर्षं तो तिथं जेवत होता. दोन वर्षांचं जेवण त्याला गुळण्यांनी बाहेर काढायचं होतं. जेवणातून, ताटातून, हातच्या भाकरीतून हा आजार होत नाही, हे शाळेच्या पुस्तकात असतं, एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. पण वाचणार कोण? खोलीत तिघांत एक ब्लेड वापरून दाढी करणारी ही पोरं. त्यातून खरंच काय होऊ शकतं याची त्यांना फिकीर नव्हती. भाकरीची मात्र किळस आली.

“दुसऱ्यांना जेवायला घालताना लाज वाटली नाही?” कुणीतरी बोललं.

आणि मग कुलदीप पुढं आला. पांढराफटक. “आमच्या जिवाशी खेळलात तुमी, मावशी!” असं ओरडून त्यानं समोरचं ताट बाकावरून ढकललं. ताट फरशीवर गरगरत राहिलं. सगळ्यांत आधी तोच बाहेर पडला, आणि त्याच्यामागं बाकीचे.

गिरजाबाई बघत राहिली. तिनं जे केलं ते त्याचे आभार मिळावेत म्हणून केलं नव्हतं, पण ताट? ताट कशाला ढकलायचं? तेवढं तिला लागलं. टोपलंभर भाकरी तिनं रस्त्यावरच्या कुत्र्यांना घातल्या. कुत्र्यांनी नेटवर काही शोधलं नाही.

संध्याकाळी मुरारीची पांढरी गाडी आली. तो थेट एड्स दिनाच्या रॅलीतून आला होता. छातीवर लाल फितीचा बिल्ला. शाळेच्या पोरांना केळी वाटून ‘कलंक मिटवा’ वर दोन शब्द बोलून आलेला. हातात कुलूप.

“वहिनी, बोलणं झालं हुतं आपलं.”

“झालं हुतं.”

“मंग? समद्या चाकणात बोभाटा केलासा. लोकं मला फोन करून इचारत्यात, तुमच्या घरात हाय म्हनं. मी काय सांगू?”

“बिल्ला हाय की छातीवर. त्योच दाव.”

मुरारीनं नकळत बिल्ल्यावर हात ठेवला. “शेड खाली करा. हे बगा, कुलूप आणलंय.”

“लावा. पर भाऊजी, मी चूल उचलून चौकात मांडीन, तुमच्या फ्लेक्साच्या बरोबर खाली. सावली बी चांगली पडती. इचारलं कुनी तर सांगीन, वर फोटोत हाय ना, त्याचा सख्खा भाऊ माजा नवरा. कावीळ न्हवती त्याला. मोबाइलवर बोलतोय बगा, दम धरा, झालं की त्योच सांगंल.”

मुरारीनं हातातलं कुलूप एकदा उघडलं, एकदा लावलं. मग “तुमच्या तोंडाला कोण लागंल,” म्हणून गाडीत बसला. कुलूप त्यानं परत नेलं. समाजभूषणाची हिंमत फ्लेक्सच्या उंचीएवढीच असते. त्याखाली चूल पेटली की उतरते.

शेड वाचली, पण रात्री कुलदीपची गोळी बाटलीतच राहिली. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. बाटली बघून गिरजाबाईचं पित्त खवळलं. तिसऱ्या दिवसाची वाट न बघता ती उठली आणि खराबवाडीला पोचली. तिथल्या तिमजली बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर या सात दिवट्यांची खोली. आता वर जाऊन ‘गोळी घे बाळा’ म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर स्वतःचं तोंड उघडून वाचवलेलं सगळं मातीत. मग तिला येत होतं तेच तिनं केलं.

“कुलदीप्या! ए परभणीच्या बेण्या! खाली उतर! माज्या अन्नाच्या ताटाला हात लावतोस व्हय रं! उतर, न्हाईतर वर यीन!”

वरची गॅलरी खुशीत आली. “भावा, जा. तुझी मावशी आलीय,” निरंजन म्हणाला आणि कुलदीपला जिन्यातून ढकलला. वर यायची धमकी होती ना! एड्सवाली बाई खोलीत येण्यापेक्षा कुलदीप खाली गेलेला बरा.

तो उतरला तशी तिनं त्याची कॉलर धरली आणि शिव्यांच्या धबडग्यात पार बिल्डिंगीच्या मागं, पाण्याच्या टाकीआड ओढत नेला. तिथं पोचल्याबरोबर आवाज निम्मा झाला. कनवटीची पुडी सोडली.

“त्वांड उघड.”

“मावशी, मी तुमाला तवा...”

“आयकलं मी. बहिरी न्हाई. त्याचं येगळं बगू. आदी गोळी गिळ, मुडद्या.”

त्यानं गिळली. पाण्याची बाटली तिनं आणली होतीच. पोर भिंतीला टेकून हमसायला लागलं. “तुमी कामून सोतावर घेतलं? मी तर तुमचं ताट...”

“तुज्यासाठनं न्हाई घेतलं. येक मडं घरातनं जाताना बगितलंय, त्याच्यानंच पोट भरलं माजं. आन रडतोस कशाला? ताटाचं नगं रडूस. दोन गोळ्या चुकीवल्यास, त्याचं रड.”

“बाटली द्या मला. मी घेतो हितं.”

“ठेवशील कुटं? त्या सात जनांत? जागा हाय?” कुलदीपनं नाक पुसलं. “भैरू बी म्हनला हुता, मी घेतो.”

असा तो रोजचा खेळ सुरू झाला. शिफ्ट बदलली की गिरजाबाईची वेळ बदलायची. पुढच्या खेपेला पिंपरीत तिनं ताईंना विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, अहो मावशी, शिफ्टमुळं वेळ थोडी पुढंमागं झाली तर चालतं, चुकवायची तेवढी नाही. डब्यात कशाला घालत होता? गिरजाबाईला स्वतःची शरम वाटली, म्हणून ती ताईंवरच डाफरली, “हे आदी सांगाया काय झालं हुतं?” आधी विचारायला तिला काय झालं होतं, हे ताईंनी विचारलं नाही. शहाण्या बाई.

खराबवाडीला सवय झाली. कुणी म्हणे, पोरानं म्हातारीची कोंबडी चोरली. कुणी म्हणे, आजार डोक्यात चढलाय तिच्या. म्हातारी यायची, खालून नाव घेऊन उद्धरायची, पोर मान खाली घालून उतरायचं, टाकीआड आणखी थोडा आवाज व्हायचा आणि ती निघून जायची. त्या दोघांत रोज काय चाललंय याचा अंदाज एकालाही आला नाही. माणसं रोज बघतात याचा अर्थ त्यांना दिसतं असा नसतो.

तिकडं खानावळ भरत गेली. गुळण्या करणाराच पहिला परत आला. दुसरीकडच्या पाण्यासारख्या आमटीनं त्याची तत्त्वं ढिली केली होती. मग दोघं आले, मग चौघं. भुकेपुढं या मंडळींची भीती किती टिकते याचा गिरजाबाईला अंदाज होताच. तिनं कुणाला ‘का आलास’ विचारलं नाही. फक्त शिवी एकाची दोन केली. सगळ्यांत शेवटी निरंजन आला. बाकाच्या टोकाला बसून म्हणाला, “मावशी, मी वाचलंय. जेवणातून होत नाही.”

“आदी वाचाया डोळं न्हवतं का रं? का रिचार्ज संपला हुता?”

त्यानं पिठलं मागून घेतलं. दोनदा. संध्याकाळी मात्र गॅलरीत उभं राहून तिच्या नावानं दात काढायला तो पुन्हा तयार असायचा. दुपारचं पोटात आणि संध्याकाळचं तोंडात, यांची गाठ त्याच्यात कधी पडत नसे.

कुलदीप तेवढा खानावळीत आला नाही. येऊ शकला नाही. ज्यानं ताट ढकललं त्याला त्याच बाकावर बसायला छाती लागते, आणि ती या पोराकडं नव्हती. गिरजाबाई त्याला भेकड म्हणायची, तोंडावर म्हणायची. पण पुडी एक दिवस चुकवली नाही. पिंपरीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, ताई म्हणाल्या, औषध छान लागू पडलंय, असंच चालू ठेवा. गिरजाबाई फक्त “हूं” म्हणाली. परतीच्या बसमध्ये कुलदीपला खिडकीची जागा दिली, एवढंच.

होळी झाली, ऊन वाढलं. एके दिवशी ती खराबवाडीच्या वळणावर आली तेव्हा गॅलरी भरलेलीच होती.

“भावा, तुझी एड्सवाली आली रे!” निरंजन ओरडला. गॅलरी खिदळली.

पण कुलदीप गॅलरीत नव्हता. तो आधीच खाली उतरून रस्त्याच्या कडेला, बिल्डिंगीच्या बरोबर पुढं, दगडावर बसला होता. गिरजाबाईनं कॉलरीला हात घालायच्या आत त्यानं तळहात पुढं केला.

“द्या, मावशी.”

“हितं?” ती वर बघत कुजबुजली. “टाकीमागं चल.”

“नाही. हितंच द्या.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. हात मागं जात नव्हता. तिनं पुडी सोडली. कुलदीपनं गोळी जिभेवर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि बाटली तोंडाला लावली. गॅलरीतलं खिदळणं एकाएकी थांबलं.

“ए, काय खाल्लं रे?” निरंजनचा आवाज चिरकला.

कुलदीपनं तोंड पुसलं. “कामून विचारतोस? तुला माहितीय की. तूच फोटो काढला होतास.”

सहाजण गॅलरीत एकमेकांपासून हातभर लांब सरकले, जणू त्यांच्यातलाच कुणी आता निघायचा होता. कुलदीप दगडावरच बसून राहिला. “मावशी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “उद्या मी तिकडंच येतो. जेवायला.”

गिरजाबाईनं रस्ताभर त्याच्यासाठी एक नवी कोरी शिवी जुळवत आणली होती. चांगली लांबलचक, परभणीपासून पांढरपेशांपर्यंत सगळ्यांना कवेत घेणारी. ती आता त्याला द्यायचं काही कारण उरलं नव्हतं. पण वाया कशाला घालवायची? तिनं पदर खोचला, मान वर केली, आणि गॅलरीतल्या त्या सहाजणांना ती एका दमात, काहीही हातचं न राखता, वाढली.